काठची बारीक मच्छी कुठं गेली? वाचकांचे चार प्रश्न

यावेळी माशांवर पत्रं बरीच आली, बहुतेक कन्हान आणि वैनगंगेच्या पट्ट्यातली. त्यातले चार प्रश्न घेतोय. पहिल्या दोघांची उत्तरं लांबलीत, शेवटचं छोटंच आहे.

प्रश्न : आम्ही ढिवर. आंभोऱ्याच्या बाजूला कन्हान-वैनगंगेवर पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकतो. माझ्या वडिलांच्या वेळेस काठाच्या गुडघाभर पाण्यात जाळं ओढलं का नाना जातीची बारीक मच्छी यायची. आता जाळं भरते, पण सारी तिलापियाच. पोरं म्हणतात बाबा मच्छी तर वाढली, तुम्ही काहून चिंता करता. खरं काय समजाव, वाढली का कमी झाली?
— एक वाचक, कुही तालुका

उत्तर : दादा, पोरं खोटं बोलत नाहीत आणि तुम्हीही नाही. किलोत मोजलं तर मच्छी वाढलेली असू शकते, पण जाती मोजल्या तर काठ रिकामा होत चाललाय, आणि नदीची तब्येत बघायची असेल तर माझ्या मते आधी जाती मोजायच्या, किलो नंतर.

तुम्ही गुडघाभर पाण्याचं लिहिलं हे फार महत्त्वाचं आहे, कारण नदीतली सगळ्यात कामाची जागा तीच असते. तिथं ऊन थेट तळापर्यंत पोचतं, म्हणून दगडावर शेवाळ धरतं, पाणवनस्पती उगवतात, त्यांच्या आडोशाला किड्यांच्या अळ्या, झिंगे, गोगलगाई राहतात, पाणी मधल्या धारेपेक्षा कोमट असतं त्यामुळे पिल्लं भराभर वाढतात, आणि मोठा शिकारी मासा एवढ्या उथळात सहसा घुसत नाही. मधल्या डोहात वाढणाऱ्या कितीतरी जातींचं बालपण या पट्ट्यातच जातं. शिवाय पुंटियससारखे चिमुकले मासे, काचेसारखे आरपार दिसणारे मासे, रेतीला चिकटून राहणारे लोच, यातले बरेचसे आयुष्यभर काठ सोडत नाहीत. बाजारात यांना भाव नाही म्हणून यांची नोंदही कोणी ठेवत नाही, ते गेले तरी सरकारी उत्पादनाच्या आकड्यात काहीच हलत नाही. तुमच्या वडिलांच्या जाळ्यात जे यायचं ते हेच.

आता तिलापियाच का टिकला? तुमच्याकडे गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर, म्हणजे धरणामागं तुंबलेलं पाणी आहे. या धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं, पाणी अडायला त्यानंतर बरीच वर्षं लागली, पण अडलं तेव्हा आंभोऱ्याकडची वाहती नदी जवळपास तलाव झाली. वाहत्या, खळाळत्या पाण्यात गोट्यांवर अंडी घालणाऱ्या जातींची जागा तिथंच संपली. आणि तलावाचा काठ नदीच्या काठासारखा एका जागी राहत नाही ना, आपला भाग सपाट आहे, पाणी थोडं उतरलं तरी काठ लांब आत सरकतो, मग पाणगवतावर घातलेली अंडी कोरडी पडतात. तिलापियाला याची फिकीर नाही. नर उथळात खड्डा करतो, मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते, पिल्लं निघेपर्यंत तोंडातच सांभाळते. पाणी हललं की ती अंड्यांसकट हलते. वर्षातून अनेकदा विणते, शेवाळापासून दुसऱ्याच्या अंड्यांपर्यंत जे मिळेल ते खाते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, मोझांबिक तिलापिया भारतात 1952 मध्ये आणला, नंतर नाईल तिलापियाही आला, आणि आपण बांधलेले तलाव त्याला आयतेच मिळाले.

दुसरं कारण नागपुरातून येतं. नाग नदी लाव्हा टेकड्यांच्या बाजूनं निघते, पूर्ण शहराचं सांडपाणी घेते, पुढं पिवळी नदीही त्यात भर घालते, आणि हे सगळं तुमच्याच कुही तालुक्यात कन्हानला मिळून गोसीखुर्दच्या पाण्यात उतरतं. सांडपाण्यात माशाला मारणाऱ्या दोन गोष्टी मुख्य, ऑक्सिजन कमी होणं आणि अमोनिया. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माशांसाठीच्या पाण्याचा निकष सांगतो की विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम पाहिजे आणि मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. दुपारी पाणी मोजलं तर ऑक्सिजन ठीक दिसू शकतो कारण उन्हात शेवाळ तो बनवत असतं, पण रात्री तेच शेवाळ उलट ऑक्सिजन ओढतं, आणि पहाटे नाजूक जाती गुदमरतात. उरतात कोण? मरळ, मांगूर यांच्यासारखे हवा घेऊ शकणारे, पाण्याच्या वरच्या थरावर जगणारा गप्पी जो आपणच डासांसाठी नाल्यात सोडला, आणि तिलापिया. जलकुंभी पसरली की तर बघायलाच नको, खाली अंधार, तळाशी कुजणारा गाळ, काठचं देशी पाणगवत खलास.

तिसरं रेती. कन्हानची रेती म्हणजे नागपुरातल्या बांधकामवाल्यांची पहिली पसंती, हे तुम्हाला मी काय सांगू. पण पोकलेन रेती घाटावरून जे उचलतो त्यात उथळ, हळूहळू उतरत जाणारा काठच उचलला जातो, मागं राहतो तो उभा कडा आणि खोल खड्डा. पाणी तेवढंच दिसतं, पण पिल्लांना लपायला गुडघाभर जागा राहत नाही. मला वाटतं या तिघांत लोक रेतीकडे सगळ्यात कमी बघतात, माशाच्या संदर्भात तर कोणी नावच घेत नाही, आणि ते बरोबर नाही. त्यात जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानमध्ये आली. अशी बारीक राख तळावर बसली की दगडाच्या फटी बुजतात, आणि फटीतच तर अळ्या आणि अंडी असतात.

म्हणून दादा, पोरांना सांगा की जाळं भरलं हे खरं पण एकाच जातीनं भरलेलं जाळं धोक्याचं असतं, उद्या त्या एका जातीत रोग आला किंवा भाव पडला तर हातात दुसरं काही नाही. आणि एक काम करा, तुमच्या वडिलांच्या वेळच्या जितक्या जाती आठवतात त्यांची नावं तुमच्याच बोलीत लिहून काढा, समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना, बायांनाही विचारा, कारण काठाची बारीक मच्छी बऱ्याच ठिकाणी बायाच पकडायच्या आणि त्यांना ती जास्त माहीत असते. कुठली जात कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, शेवटची कधी दिसली, एवढं असलं तरी खूप झालं.

प्रश्न : मी नागपुरात एमएस्सी झूऑलॉजी करते. मला नदीकाठच्या माशांमधल्या दीर्घकालीन बदलांवर प्रोजेक्ट करायचाय पण माझ्याकडे एकच वर्ष आहे, सर म्हणतात एका वर्षात दीर्घकालीन काही होत नाही, विषय बदल. करू का बदल?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नको बदलूस. सरांचं म्हणणं चूक नाही, एका वर्षात बदल दिसणार नाही. पण पुढं कोणालातरी बदल दिसावा यासाठी पहिलं वर्ष कोणीतरी नीट करून ठेवावंच लागतं ना, आणि आपल्याकडे नेमकं तेच नसतं.

पुण्याचं बघ. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, आपला खुदरी महासीर त्यानंच मुळा-मुठेवरून जगाला सांगितला. मग 1942 मध्ये फ्रेझर, 1944 मध्ये सुटर यांनी पुण्याच्या माशांच्या याद्या केल्या, 1963 मध्ये अजून एक झाली. यातल्या कोणाच्याही डोक्यात दीर्घकालीन अभ्यास नव्हता, ज्यानं त्यानं आपल्यापुरती यादी केली. पण त्या होत्या म्हणून 2003 मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांना आजचे मासे त्यांच्याशी ताडून बघता आले, आणि काही देशी जाती नाहीशा झाल्यात, परके मासे आलेत, हे कागदावर दाखवता आलं.

आता याच्या पुढची पायरी. यादीत फक्त आहे की नाही एवढंच कळतं, प्रमाण कळत नाही. प्रमाण हवं असेल तर दरवर्षी तीच जागा, तोच महिना, तेच जाळं, तेवढ्याच वेळा ओढायचं, हे पाळावं लागतं. अमेरिकेतल्या इलिनॉय नदीवर 1957 पासून बोटीतून पाण्यात नियंत्रित करंट सोडून काठचे मासे मोजतात, मासे तात्पुरते सुन्न होतात, मोजून परत सोडतात. (हे शास्त्रज्ञ परवानगीनं करतात, आपल्याकडे इन्व्हर्टर लावून नाल्यात करंट सोडतात ते वेगळं, त्यात पिल्लंसुद्धा मरतात आणि माणसंही मेलीत, त्याच्या जवळही जायचं नाही.) ती नदी शिकागोचं सांडपाणी घेते म्हणजे एका अर्थी त्यांची नाग नदीच, आणि 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर सांडपाण्यावर प्रक्रिया सुधारली तसा घाणीत तगणारा कॉमन कार्प आणि गोल्डफिश कमी होत गेला आणि देशी जाती परत आल्या. हे एका-दोन वर्षांत दिसलंच नसतं, कारण पुराचं एक वर्ष आणि दुष्काळाचं एक वर्ष यातच माशांच्या संख्येत इतका फरक पडतो की खरा कल त्यात बुडून जातो. आपल्याकडे नाग नदीच्या शुद्धीकरणाचा जवळपास 1,927 कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. तो पूर्ण झाल्यावर मासे परतले की नाही हे कशावरून सांगणार, जर आज तिथं काय आहे याची नोंदच नसेल? तुझा प्रोजेक्ट ती नोंद होऊ शकतो. मला तर वाटतं यापेक्षा उपयोगी विषय नागपुरात बसून सापडणार नाही.

अजून एक उदाहरण देतो कारण त्यातून काठ वेगळा का मोजायचा हे फार छान कळतं. न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीत 1974 पासूनच्या माशांच्या नोंदी आहेत, काठावर ओढायच्या जाळ्याच्याही. 1991 मध्ये तिथं झेब्रा मसल नावाचा परका शिंपला पोचला. तो पाणी गाळून त्यातलं वनस्पती-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ खातो, थोड्याच काळात नदीतलं प्लवंग 80 टक्क्यांहून जास्त घटलं. तुला वाटेल मग सगळेच मासे घटले असतील. पण नाही, उघड्या पाण्यात प्लवंगावर वाढणाऱ्या जातींची पिल्लं घटली, मध्यक (सगळ्या जातींच्या बदलांतला मधला आकडा) काढला तर 28 टक्क्यांनी, आणि काठच्या उथळात राहणाऱ्या जातींची वाढली, मध्यक 97 टक्के. पाणी निवळल्यामुळे ऊन खोल गेलं, काठच्या वनस्पतींना आणि त्यातल्या किड्या-अळ्यांना ते मानवलं, आणि त्यावर जगणाऱ्या माशांनाही. दोघांची एकच बेरीज केली असती तर ही गोष्ट कोणाला दिसलीच नसती.

तर तू काय करायचंस. जागा निवड ज्या दहा वर्षांनीही कोणाला सापडतील, पूल, घाट, बंधारा अशा, आणि जीपीएस लिहून ठेव. एक जागा नागच्या संगमाच्या वर, एक खाली, एक बॅकवॉटरमध्ये, एवढ्या असल्या तरी पुरे. पावसाळ्यात जाळं ओढणं धोक्याचं आणि निरुपयोगीही, पावसाळा संपून पाणी निवळलं की एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा. जाळ्याची लांबी, उंची, डोळ्याचा आकार, किती मीटर ओढलं, किती वेळा ओढलं, हे सगळं थिसिसमध्ये लिही, लोक नेमकं हेच लिहायचं विसरतात आणि मग पुढच्याला तुलना करता येत नाही. प्रत्येक जातीचे काही मासे मोजपट्टीवर ठेवून फोटो काढ, लांबी लिही, कारण पिल्लं आहेत की नुसते मोठेच हे लांबीवरूनच कळतं आणि पिल्लं नसतील तर ती जात तिथं विणत नाहीये. ओळखीत शंका असेल ते नमुने कॉलेजच्या म्युझियममध्ये लेबल लावून जपून ठेव. नावं बदलतात, वर्गीकरण बदलतं, बाटलीतला मासा बदलत नाही. पाण्याचा ऑक्सिजन पहाटे मोज, दुपारी मोजलास तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. रिकामं जाळं आलं तर तेही लिही, शून्य हाही आकडाच आहे. आणि ढिवर बांधवांना सोबत घे, त्यांना मजुरी दे, आणि जातींची स्थानिक नावं त्यांच्या तोंडून घे.

डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं 1995 मध्ये एक मुद्दा मांडला होता की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे बघते तेच मूळ समजते, मग घसरण दिसतच नाही. वरच्या पत्रातली पोरं म्हणतात मच्छी वाढली, ते यामुळेच, त्यांनी आजोबांचं जाळं बघितलेलं नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे तलाव आहे, दरवर्षी कतला, रोहू, मृगळचं बीज सोडतो, उत्पादन चांगलं आहे. मग काठच्या बारीक मच्छीचं एवढं कशाला घेऊन बसायचं? सिल्व्हर कार्प सोडू का हेही सांगा.
— एका मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद, भंडारा जिल्हा

उत्तर : दादा, बीज सोडायला अजिबात विरोध नाही, त्यावर तुमची घरं चालतात. पण एक लक्षात घ्या की कतला, रोहू, मृगळ हे साचलेल्या पाण्यात आपोआप विणत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून तर 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन विणवण्याची पद्धत बसवली आणि बीज केंद्रं उभी राहिली. म्हणजे तुमचं उत्पादन हॅचरीवर अवलंबून आहे, एक वर्ष बीज आलं नाही की उत्पादन नाही. काठची मच्छी मात्र स्वतःच विणते, फुकट. मरळीला खायला तीच लागते, आणि घरी कालवणात जी अख्खी काट्यासकट खातात ती पण हीच, त्यातलं कॅल्शियम मोठ्या माशाच्या तुकड्यात मिळत नाही.

भंडारा-गोंदियात काही गावांच्या ढिवर मंडळींनी मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, हे करून दाखवलंय. काठावरची बेशरम नावाची झुडपं मुळासकट काढली, गाळाच्या जागी हलकी नांगरट केली, पावसाळ्याआधी देशी पाणवनस्पती आणून लावल्या, आणि देशी मासे परत धरले, सोबत पाखरंही आली. यात यंत्र लागत नाही, माणसं आणि माहिती लागते, आणि माहिती तुमच्याकडे आहेच. फक्त तलाव खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबीनं सगळा काठ उभा कापू देऊ नका, एका बाजूला तरी उतार राहू द्या. पावसाळ्यात सांडव्यातून, नाल्यातून चढणीचे मासे वर येतात त्यांच्या वाटेत जाळी ठोकू नका, निदान पहिल्या पुराचे दिवस तरी.

सिल्व्हर कार्प नका सोडू, हे माझं स्पष्ट मत. तो 1959 मध्ये भारतात आणला, तो गाळून प्लवंग खातो आणि आपला कतलाही त्याच्यावरच वाढतो. हिमाचलच्या गोविंदसागरात 1971 मध्ये तो चुकून शिरला आणि काही वर्षांत तिथला मुख्य मासा झाला, कतला मागं पडला. वरच्या उत्तरात ज्या इलिनॉय नदीचं लिहिलं, जिथं इतकी वर्षं खपून पाणी सुधारलं, तिथंही आता हाच सिल्व्हर कार्प घुसलाय आणि प्लवंग खाणारे देशी मासे रोडावलेत. थाई मांगूरचं तर विचारूच नका, त्यावर केंद्रानं 2000 मध्येच बंदी घातली आहे, कोणी स्वस्तात बीज देतो म्हणाला तरी घेऊ नका. पुरात एक जरी तलावाबाहेर गेला तर तो नदीत पोचतो, हवा घेत ओल्या जमिनीवरूनही सरकतो.

प्रश्न : मुलाच्या अ‍ॅक्वेरियममधला काळा सकर मासा फार मोठा झालाय, काचेत मावत नाही. मारवत नाही म्हणून फुटाळा तलावात सोडावं म्हणते, तिथं मोकळा तरी राहील. चालेल ना?
— एक आई, धरमपेठ

उत्तर : ताई, नका सोडू. तुमच्या मनात दया आहे हे कळतं पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे, काठात बिळं करून अंडी घालतो, त्याच्या अंगावरच्या हाडाच्या कवचामुळे त्याला इथं खाणारं फारसं कोणी नाही, आणि मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. उजनीच्या धरणात नेमकं हेच झालंय, कोणीतरी असेच दयेपोटी सोडले असणार. फुटाळा काय, अंबाझरी काय, एकदा भरून वाहिले की मासा नाल्यात आणि तिथून नदीत, सप्टेंबर 2023 च्या रात्री अंबाझरी कसा वाहिला ते आपण बघितलंच. आधी ज्या दुकानातून आणला त्यांना विचारा, काहीजण परत घेतात. नाहीतर मोठी टाकी असलेला कोणी हौशी बघा, शहरात असे ग्रुप आहेत, किंवा एखाद्या कॉलेजच्या झूऑलॉजी विभागाला फोन करा. तोपर्यंत प्लास्टिकच्या मोठ्या टबात एअर पंप लावून ठेवलात तरी तो मजेत राहील, त्याला फार लाड लागत नाहीत.